सगळे पीडीएफ करून क्लाउडवर ठेवले, म्हणजे अभिलेख ३० वर्षे टिकतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. संस्थेचे १५ वर्षांचे इलेक्ट्रॉनिक दप्तर सामायिक फोल्डरमध्ये, काही जुन्या हार्ड डिस्कवर आणि दोन खोकी भरतील इतक्या सीडींवर विखुरलेले आहे. त्यात पत्रव्यवहाराच्या वर्ड फाइली, हिशेबाच्या स्प्रेडशीट, स्कॅन केलेली कागदपत्रे, ई-मेल आणि लवकरच बंद होणाऱ्या एका संगणकप्रणालीतल्या नोंदी आहेत. यातले बरेचसे अभिलेख किमान ३० वर्षे जपण्याची जबाबदारी तुमच्यावर आली आहे. सगळे पीडीएफमध्ये बदलावे, क्लाउडवर चढवावे आणि मग मूळ फाइली, सीडी व डिस्क काढून टाकाव्यात, असा तुमचा बेत आहे आणि तो पुरेसा आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

तो पुरेसा नाही, आणि त्यातली शेवटची पायरी, म्हणजे मूळ फाइली व जुनी माध्यमे काढून टाकण्याची, तूर्त मुळीच करू नका. पहिल्या दोन पायऱ्यांत तथ्य आहे, पण त्या कोणत्या फाइलींसाठी, कोणत्या क्रमाने आणि काय तपासून करायच्या यावर सगळे अवलंबून आहे. मी हे काम वीस वर्षांहून अधिक काळ करते आहे. या काळात जे अभिलेख माझ्या डोळ्यांदेखत हातचे गेले, त्यांतले बरेचसे माध्यम बिघडल्यामुळे गेले नाहीत. कोणीतरी चांगल्या हेतूने केलेली आवराआवर किंवा रूपांतरानंतर पुसलेली मूळ प्रत हे त्यांचे कारण होते. म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न जागेचा नाही. ३० वर्षांनंतर तुम्हाला न ओळखणारी एखादी व्यक्ती एखादा ठराव किंवा एखादे देयक मागेल, तेव्हा तिला चार गोष्टी हव्या असतील: ते सापडले पाहिजे, उघडले पाहिजे, पूर्ण असले पाहिजे, आणि जे उघडले ते मुळात होते तेच आहे हे दाखवता आले पाहिजे. अभिलेख व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५४८९, २००१ मध्ये प्रथम आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले; त्यातही अस्सलपणा, विश्वासार्हता, अखंडता आणि वापरयोग्यता हेच चार गुण अभिलेखाचे म्हणून सांगितले आहेत. चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तुमच्या बेतात तिचा विचार झालेला दिसत नाही. फाइल असणे आणि अभिलेख असणे यांत फरक आहे. जिचा उगम, जिची वाटचाल आणि जिच्यात झालेले बदल सांगता येत नाहीत, अशी फाइल माहिती देऊ शकेल, पण पुरावा म्हणून तिच्यावर कोणी विसंबणार नाही.

कागदाशी तुलना केली की हे स्पष्ट होते. चांगला कागद बासनात बांधून कोरड्या खोलीत ठेवला, तर तो अनेक दशकांचे दुर्लक्ष सोसतो आणि उघडल्यावर अक्षर जागेवर असते. इलेक्ट्रॉनिक अभिलेख असे दुर्लक्ष सोसत नाही. त्याला दर काही वर्षांनी नवे माध्यम, कधी नवे स्वरूप आणि मधल्या काळात नियमित तपासणी लागते. त्यामुळे ‘एकदा करून टाकू’ अशी योजना कितीही चांगली असली तरी ३० वर्षे पुरत नाही. हे काम कोणाच्या तरी कामाच्या यादीत कायमचे असावे लागते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या दुरून ठरवता येणार नाहीत. कोणता अभिलेख किती वर्षे ठेवायचा हे तुम्हाला लागू असलेल्या कायद्यांवर व संस्थेच्या नियमांवर ठरेल. व्यक्तिगत माहिती असलेले काही अभिलेख मुदत संपल्यावर नष्ट करणेच बंधनकारक असू शकते. एकूण साठा किती आहे, त्यात डिजिटल स्वाक्षरीची कागदपत्रे किती आहेत आणि या कामासाठी माणूस पूर्णवेळ मिळणार की आठवड्यातून दोन तास, यावरही बरेच बदलेल. पुढे जे सांगते ते लहान व मध्यम संस्थेला झेपेल अशा बेताने सांगते.

सर्वांत आधी सीडी वाचून घ्या. निवड, वर्गीकरण, नावे हे सगळे थांबू शकते. सीडी थांबत नाहीत. घरगुती किंवा कार्यालयीन यंत्रावर लिहिलेल्या सीडीमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उष्णता, उजेड व दमटपणामुळे खराब होतो; वर चिकटवलेल्या कागदी लेबलाचा गोंदही नुकसान करतो. प्रत्येक सीडीला क्रमांक द्या, तिच्यावर हाताने लिहिलेला मजकूर जसाच्या तसा नोंदवहीत उतरवा, कारण कित्येकदा आतल्या फाइलींविषयीची ती एकमेव माहिती असते, आणि मग तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे सीडीवरच्या सगळ्या मजकुराची जशीच्या तशी एकच फाइल, घ्या. एका ड्राइव्हमध्ये वाचली न गेलेली सीडी दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा वाचली जाते, म्हणून पहिल्या अपयशाला हार मानू नका. जुन्या हार्ड डिस्क जोडताना त्यांवर काहीही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करा; नुसती डिस्क जोडली तरी संगणक तिच्यावर बारीकसारीक नोंदी करतो.

माध्यमाच्या आयुष्याबद्दलच्या हमीवर फार विसंबू नका, कारण माध्यम टिकले तरी ते वाचणारे यंत्र टिकेलच असे नाही. १९६६ व १९६७ मध्ये चंद्राभोवती फिरलेल्या पाच लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली छायाचित्रे चुंबकीय टेपांवर जपलेली होती. टेपा शाबूत होत्या, पण त्या वाचणारी एफआर-९०० ही यंत्रे जगात मोजकीच उरली होती. एका अभिलेखपाल बाईंनी त्या टेपा नष्ट होऊ दिल्या नाहीत आणि यंत्रे स्वतःच्या घरी अनेक वर्षे सांभाळली, म्हणून २००८ मध्ये ती दुरुस्त करून पहिले छायाचित्र पुन्हा मिळवता आले. आजच्या एलटीओ टेपांचेही, म्हणजे मोठा साठा जपण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चुंबकीय टेपांचेही, तसेच आहे. त्यांचे आयुष्य ३० वर्षे सांगितले जाते, परंतु सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेपा वाचत असत, तर आठव्या पिढीचा ड्राइव्ह फक्त सातव्या व आठव्या पिढीच्या टेपा वाचतो. म्हणजे टेप टिकेल, पण तिच्यावरचा मजकूर तुम्हाला त्याआधीच दोन-तीनदा नव्या पिढीवर उतरवून घ्यावा लागेल.

फाइली एका जागी आल्या की त्यांना हात लावण्यापूर्वी प्रत्येकीचा चेकसम काढा. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते: चेकसम म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बाइटवरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची खूण. एसएचए-२५६ पद्धतीने ती ६४ अक्षर-अंकांची येते. फाइलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ही खूण संपूर्ण बदलते, आणि काहीच बदलले नसेल तर ३० वर्षांनंतरही तीच येते. एमडी५ ही जुनी पद्धत अपघाताने झालेला बिघाड ओळखायला आजही चालते, पण एकच खूण देणाऱ्या दोन वेगळ्या फाइली मुद्दाम तयार करता येतात हे २००४ मध्येच दाखवले गेले आहे. म्हणून नव्याने सुरुवात करताना एसएचए-२५६ घ्या.

हे किती गरजेचे आहे ते मी एका संस्थेत प्रत्यक्ष पाहिले. त्यांचा बॅकअप रोज रात्री बिनचूक चालत असे आणि अहवालात रोज हिरवी खूण येत असे. मुख्य डिस्कवरच्या काही फाइली मात्र मधूनच खराब झाल्या होत्या. त्या उघडल्या की छायाचित्राचा वरचा तिसरा भाग दिसे आणि खाली करडा पट्टा येई. बॅकअप प्रणालीने आपले काम चोख केले, म्हणजे खराब झालेल्या फाइली चांगल्या प्रतींवर इमानाने उतरवल्या. जुन्या प्रती ९० दिवसांनी आपोआप पुसल्या जात होत्या आणि बिघाड लक्षात आला तो दीड वर्षानंतर. चेकसमची यादी असती आणि ती तीन महिन्यांतून एकदा ताडून पाहिली असती, तर चांगली प्रत पुसली जाण्यापूर्वीच गडबड कळली असती. बॅकअप आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅकअप कालची स्थिती परत आणण्यासाठी असतो आणि तो चुकाही तितक्याच निष्ठेने जपतो.

फाइली व त्यांचे चेकसम एकत्र बांधून ठेवण्यासाठी बॅगइट नावाची एक साधी पद्धत आहे. ती २०१८ मध्ये आरएफसी ८४९३ म्हणून, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, प्रसिद्ध झाली. एका फोल्डरमध्ये ‘डेटा’ नावाचे उपफोल्डर, त्यात मूळ फाइली, आणि शेजारी साध्या मजकुराच्या फाइलीत प्रत्येकीचा चेकसम व मार्ग, एवढाच तिचा गाभा आहे. मला ती आवडते ती याच कारणासाठी, की उद्या बॅगइटचे नाव कोणाला आठवले नाही तरी ती मजकुराची फाइल उघडून कोणालाही तिचा अर्थ लागेल.

आता पीडीएफकडे वळते. दीर्घकाळासाठी साधी पीडीएफ नव्हे, तर पीडीएफ/ए वापरतात. आयएसओ १९००५ या मानकाचा पहिला भाग २००५ मध्ये आला. या प्रकारात मजकुराला लागणारे सगळे फाँट फाइलीतच अंतर्भूत असावे लागतात, पासवर्डने कुलूपबंद करता येत नाही आणि बाहेरच्या कोणत्याही फाइलीवर अवलंबून राहता येत नाही. पत्रे, अहवाल, ठराव, इतिवृत्ते अशा पानासारख्या दस्तऐवजांसाठी हे उत्तम स्वरूप आहे. पण ते सगळ्यांसाठी नाही, आणि रूपांतर हे निर्धोक काम नाही. रूपांतरात काय बिघडते याची तीन उदाहरणे देते, कारण ही तिन्ही तुमच्या साठ्यात बहुधा असतील.

पहिले उदाहरण वर्डमधल्या पत्रांचे. अनेक जण पत्राच्या नमुन्यात तारीख टाइप न करता ‘आजची तारीख’ दाखवणारे क्षेत्र घालून ठेवतात. अशी फाइल उघडली किंवा छापली की तिथे त्या दिवसाची तारीख येते. एके ठिकाणी एका उत्साही सहकाऱ्याने हजारभर जुनी पत्रे एका दुपारी पीडीएफ केली, तेव्हा त्यांतल्या कित्येक पत्रांवर त्याच दुपारची तारीख उमटली. मूळ फाइली पुसलेल्या नव्हत्या, म्हणून फाइलीत शेवटचा बदल केव्हा झाला ते पाहून आणि जावक नोंदवहीशी ताडून खऱ्या तारखा लावता आल्या. पुसल्या असत्या तर त्या पत्रांचा पुरावा म्हणून काहीच उपयोग राहिला नसता, आणि वाईट म्हणजे वरवर पाहणाऱ्याला त्यात काही चुकले आहे हे कळलेही नसते.

दुसरे उदाहरण मराठी मजकुराचे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेतांक देणारी पद्धत, रुळण्यापूर्वी टाइप केलेल्या बहुतेक मराठी फाइलींत देवनागरी अक्षरे साठवलेलीच नसतात. साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे संकेतांक, आणि विशिष्ट फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची खिचडी दिसते. अशी फाइल फाँटशिवाय पीडीएफ केली तर ती खिचडीच कायमची पक्की होते. फाँट बसवून पीडीएफ केली तर पान नीट दिसते, पण त्यात ‘ठराव’ हा शब्द शोधला तर सापडत नाही, कारण आत तो शब्द नाहीच. मी अशा फाइलींसाठी तीन गोष्टी ठेवते: मूळ फाइल आणि तिचा फाँट, फाँटसह केलेली पीडीएफ/ए, आणि युनिकोडमध्ये बदललेला मजकूर. बदललेल्या मजकुरात रकार, रफार आणि जोडाक्षरे हमखास चुकतात, म्हणून तो केवळ शोधण्यासाठी आहे असे त्यावर स्पष्ट लिहिते. फाँटची फाइल हासुद्धा अभिलेखाचाच भाग समजा. आज ती कोणाच्या तरी जुन्या संगणकावर असेल, पाच वर्षांनी मिळणार नाही.

तिसरे उदाहरण स्प्रेडशीटचे. पीडीएफ केल्यावर आकडे दिसतात, पण ते कोणत्या सूत्राने आले हे नाहीसे होते. लपवलेले स्तंभ, दुसरे पान, कोपऱ्यातली टीप हे सगळे सुटते. सीएसव्ही या साध्या मजकूर-स्वरूपात ठेवले तर आकडे कोणत्याही यंत्रावर वाचता येतात, पण सूत्रे तिथेही नसतात. शिवाय सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडताना ००४५१७ सारख्या क्रमांकातली पुढची शून्ये गळतात आणि तारखेसारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या तारखा होतात. या दुसऱ्या सवयीचा त्रास इतका झाला, की शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावेच बदलली. तारखांचे आणखी एक दुखणे आहे. एक्सेलमध्ये दिवस मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, एक १९०० पासून आणि दुसरी १९०४ पासून, आणि दोन्हींत १४६२ दिवसांचे अंतर पडते. एका पद्धतीच्या फाइलीतल्या तारखा दुसरीत चिकटवल्या तर सगळ्या तारखा चार वर्षे आणि एक दिवस सरकतात. म्हणून महत्त्वाच्या हिशेबांसाठी मूळ फाइल, ओडीएस किंवा एक्सएलएसएक्स या खुल्या स्प्रेडशीट-स्वरूपातली प्रत आणि दिसणाऱ्या पानांची पीडीएफ/ए अशी तिन्ही रूपे ठेवणे मी योग्य मानते. एका वर्षाच्या ताळेबंदासाठी ही मेहनत जास्त वाटते खरी, पण मोजक्या फाइलींसाठीच ती करायची असते.

स्कॅनबद्दलही एक सावधगिरीची सूचना. फाइल लहान व्हावी म्हणून काही यंत्रे जेबिग-२ नावाची संकोचनपद्धती वापरतात. तिच्या एका प्रकारात एकसारख्या दिसणाऱ्या अक्षरांसाठी एकच आकृती साठवली जाते. २०१३ मध्ये असे उघडकीस आले, की यामुळे काही कार्यालयीन यंत्रांनी केलेल्या स्कॅनमध्ये ६ च्या जागी ८ उमटत होते, आणि पान अगदी स्वच्छ दिसत असल्याने कोणाला शंकाही येत नव्हती. जतनासाठी स्कॅन करताना माहिती न गाळणारे संकोचन निवडा आणि आकड्यांची काही पाने मूळ कागदाशी ताडून पाहा. मूळ कागद नष्ट करण्याचा निर्णय या तपासणीनंतरच, आणि कायद्याने मुभा असेल तरच, घ्या.

या सगळ्यातून निघणारा माझा एक पक्का नियम आहे: मिळालेली मूळ फाइल, जशी आली तशी, शेवटपर्यंत ठेवायची. रूपांतर तिच्या शेजारी ठेवायचे, तिच्या जागी नाही. मूळ फाइलींना लागणारी जागा रूपांतरित प्रतींच्या मानाने बहुतेक वेळा किरकोळ असते. आज एखादी जुनी फाइल उघडत नसेल तरी उद्या अनुकारक, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारे, सॉफ्टवेअर वापरून ती उघडता येण्याची शक्यता राहते, परंतु पुसलेली फाइल कोणतेही तंत्रज्ञान परत आणत नाही. आपल्याकडे नेमकी कोणती स्वरूपे आहेत हे कळण्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ड्रॉइड हे मोफत साधन वापरा. ते फाइलीच्या नावातील शेपटावर विश्वास न ठेवता आतले बाइट प्रोनोम या स्वरूपसूचीशी ताडून पाहते. पहिल्यांदा चालवाल तेव्हा ‘डॉक’ म्हणून ठेवलेल्या काही फाइली वेगळ्याच निघतील.

डिजिटल स्वाक्षरीची कागदपत्रे वेगळी काढा. स्वाक्षरीमागच्या प्रमाणपत्राची मुदत सहसा काही वर्षांचीच असते. ती संपली आणि प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेची जुनी माहिती मिळेनाशी झाली की स्वाक्षरी खरी होती हे तपासता येत नाही. म्हणून प्रमाणपत्र वैध असतानाच स्वाक्षरी तपासून घ्यावी, तपासणीला लागणारी माहिती व वेळमुद्रा (स्वाक्षरी केव्हा अस्तित्वात होती हे सांगणारी विश्वसनीय नोंद) फाइलीतच जोडून घ्यावी, म्हणजे ज्याला दीर्घकालीन पडताळणी म्हणतात ती सोय वापरावी, आणि तपासणीचा निकाल तारखेसह स्वतंत्रपणे नोंदवावा. आणखी एक गोष्ट, अशी पीडीएफ पुन्हा पीडीएफ/ए करायला गेलात तर फाइल बदलते आणि स्वाक्षरी मोडते. ती आहे तशीच ठेवा.

ई-मेल जपताना जोडपत्र मूळ पत्रापासून तोडू नका. एका समितीच्या इतिवृत्ताच्या सात फाइली मला एकाच फोल्डरमध्ये सापडल्या होत्या: ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘नक्की अंतिम’ अशा नावांच्या. मंजूर झालेले इतिवृत्त कोणते, हे त्यांतल्या एकाही फाइलीवरून ठरवता येत नव्हते. ठरले ते अध्यक्षांना मंजुरीसाठी पाठवलेल्या ई-मेलच्या जोडपत्राशी चेकसम जुळवून, आणि जुळली ती ‘अंतिम २’. ते जोडपत्र कोणी ‘पीडीएफ’ फोल्डरमध्ये सुटे काढून ठेवले असते आणि ई-मेल पुसला असता, तर हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला असता. ई-मेल ईएमएल किंवा एमबॉक्स या उघड स्वरूपांत बाहेर काढता येतात. एका विशिष्ट प्रोग्रामलाच उघडणाऱ्या एका भल्यामोठ्या फाइलीवर अवलंबून राहू नका, कारण ती मध्येच बिघडली तर सगळा पत्रव्यवहार एकदम जातो.

बंद होणाऱ्या प्रणालीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण तिला मुदत आहे. ती चालू असेपर्यंतच तिच्यातली सर्व कोष्टके बाहेर काढा. त्यासाठी स्वित्झर्लंडच्या संघीय अभिलेखागाराने तयार केलेले सिआर्ड हे स्वरूप आहे. ते जमले नाही तर प्रत्येक कोष्टकाची सीएसव्ही आणि कोष्टकांमधल्या संबंधांचे टिपण घ्या. पण नुसती कोष्टके पुरणार नाहीत. ‘स्थिती’ या रकान्यात १, २, ३ आणि ९ असे आकडे असतील, तर ९ म्हणजे काय हे आज प्रणाली वापरणाऱ्या माणसालाच माहीत असते. त्याच्यासोबत एक दिवस बसा, प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून घ्या, आणि रोज वापरल्या जाणाऱ्या पडद्यांची चित्रे घ्या. अवकाश संस्थांच्या पुढाकाराने घडलेल्या आणि २००३ मध्ये आयएसओ १४७२१ म्हणून मान्य झालेल्या ओएआयएस या संदर्भ-आराखड्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कल्पना हीच आहे: बाइट जपणे पुरेसे नाही, ज्यांच्यासाठी जपतो त्यांना ते कळण्यासाठी लागणारी माहितीही सोबत जपली पाहिजे.

क्लाउड जरूर वापरा, पण अनेक प्रतींपैकी एक म्हणून. किमान तीन प्रती, किमान दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा जुना हिशेब अजूनही योग्य आहे. मी त्यात एवढीच भर घालते, की एक प्रत अशी असावी जी कोणत्याही चालू संगणकाला सतत जोडलेली नाही, म्हणजे चुकीची आज्ञा, खंडणीखोर व्हायरस किंवा बंद पडलेले खाते यांपैकी कशाचाही तिच्यावर परिणाम होणार नाही. सामायिक फोल्डर क्लाउडशी जुळवून घेणारी सेवा ही दुसरी प्रत नव्हे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. करार करताना सगळ्या फाइली तारखा व फोल्डररचनेसह परत कशा मिळतील, त्याला किती वेळ आणि किती खर्च येईल, हे लेखी विचारा आणि वर्षातून एकदा काही फाइली खरोखर परत उतरवून त्यांचे चेकसम जुळतात का ते पाहा. खाते एका कर्मचाऱ्याच्या नावावर नको, पदाच्या नावावर हवे. फाइली कुलूपबंद करून चढवणार असाल, तर त्या कुलपाची किल्ली ३० वर्षे कोण सांभाळणार हे आधी ठरवा, कारण किल्ली हरवली तर तिन्ही प्रती एकाच वेळी निरुपयोगी होतात.

काय ठेवायचे हे मी मुद्दाम उशिरा घेतले, कारण वाचवण्याची घाई आधी असते. पण एकदा सगळे सुरक्षित जागी आले की निवड टाळू नका. सगळेच ठेवू म्हटले तर काहीच सापडत नाही, आणि तपासणीचा भार दरवर्षी वाढतो. अभिलेखांचे गट पाडा, प्रत्येक गटाची मुदत लिहा, ती कोणत्या नियमाने ठरली तेही लिहा, आणि जे नष्ट कराल त्याची यादी मंजुरीसह कायम ठेवा. एखादी गोष्ट नाही, एवढे सांगणे पुरत नाही; ती नियमानुसार अमुक दिवशी नष्ट केली, असे दाखवता यावे लागते. प्रत्येक गटाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल ठेवा आणि तिच्यात या फाइली कोणी, कशासाठी, कोणत्या काळात तयार केल्या, कुठून आल्या आणि आल्यावर त्यांचे काय काय केले ते लिहा. रूपांतर केले तर कोणत्या प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीने आणि कोणत्या तारखेला केले तेही त्यातच येऊ द्या. अस्सलपणाबद्दल विचारले गेल्यावर दाखवायला तुमच्याकडे हीच नोंद असेल.

तुमच्या साठ्यासाठी क्रम असा धरा. आधी सीडी व डिस्क वाचून एका जागी आणा आणि चेकसम काढा. त्याच आठवड्यात बंद होणाऱ्या प्रणालीच्या माणसांशी बोला. मग दोन प्रती वेगळ्या ठिकाणी हलवा. त्यानंतर स्वरूपे ओळखा, गट व मुदती ठरवा, आणि सर्वांत शेवटी, ज्यांना गरज आहे त्यांचेच रूपांतर करा. दर तीन महिन्यांनी चेकसम ताडायचे, दर वर्षी स्वरूपांचा आढावा घ्यायचा आणि साधारण पाच वर्षांनी डिस्क बदलायच्या, ही कामे व्यक्तीच्या नव्हे तर पदाच्या कर्तव्यांत लिहून घ्या. आठवड्याला दोनच तास मिळणार असतील तरी या क्रमातल्या पहिल्या दोन पायऱ्या सोडू नका. बाकीचे काम दोन वर्षे रेंगाळले तरी भरून काढता येते.

राहिला त्या दोन खोक्यांचा प्रश्न. प्रत्येक सीडीची प्रतिमा घेऊन झाली, चेकसमची यादी तीनही प्रतींशी जुळली, आणि दुसऱ्या ठिकाणची प्रत किमान एकदा परत आणून उघडून पाहिली, की मग त्या सीडी नष्ट करायला हरकत नाही; व्यक्तिगत माहिती असेल तर तुकडे करून, आणि नष्ट केल्याची नोंद करून. ज्या सीडी वाचल्या गेल्या नाहीत त्या मात्र वेगळ्या पाकिटात, क्रमांक आणि वरच्या मजकुरासह, उभ्या ठेवून थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी जपा. त्यांतल्या कोणत्या माहिती-पुनर्प्राप्ती करणाऱ्यांकडे पाठवण्याइतक्या महत्त्वाच्या आहेत, हे तुम्ही उतरवून घेतलेल्या त्या हस्तलिखित लेबलांवरूनच ठरेल.